वेदनेचा रकाना

पट्टी सोडवताना टेलर आजींचा डावा हात उशीवर उताणा पडलेला असे. बोटं जराशी वळलेली, अंगठा बाहेर, गाढ झोपलेल्या माणसाची असतात तशी. पट्टीची चिकटलेली कड सुटताना कातडी ओढली जाई, मिठाचं पाणी उघड्या जखमेवरून ओघळे, तरी ती बोटं हलत नसत. मग पाठीमागे कॅमेऱ्याच्या पिशवीची चेन उघडल्याचा आवाज येई आणि त्या हाताची मूठ होई. नखं तळव्यात रुतत, सांधे पांढरे पडत. फोटो निघून पिशवी बंद झाली की बोटं एकेक करून सुटत.

"झालं हं आजी, झालंच," छोटी सिस्टर म्हणाली. तिनं जखमेशेजारी चिकटवलेली कागदाची मोजपट्टी काढली, नवी पट्टी लावली, कपडा खाली ओढला. "मावशी, सोडा आता खांदा. सावकाश."

आजींना कुशीवर धरून ठेवणाऱ्या मावशींनी हात काढला. वॉर्डात झाडण्यापुसण्यापासून पेशंट उचलण्यापर्यंत सगळं करणाऱ्या त्या मावशी. तोंडाला विसावा नाही.

"सिस्टर, ह्या बाईला फोटोचा राग आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूला होता तसाच. फोटो काढला की आयुष्य घटतं म्हणायची. जगली नव्वदीच्या पुढं. गेल्यावर भिंतीवर लावायला एक फोटो सापडेना. शेवटी ओळखपत्रावरचा मोठा करून आणला, तर त्यात डोळे मिटलेले!"

"राग नाही हो, दुखतं त्यांना," सिस्टर म्हणाली आणि तक्त्यातल्या वेदनेच्या रकान्यात आकडा लिहिला. मूठ वळली, म्हणजे वेदना जास्त.

नोकरीला लागली तेव्हा ती वॉर्डात सगळ्यांत लहान होती, उंचीनंही आणि वयानंही. म्हणून छोटी सिस्टर. आता चाळिशी मागे पडली होती, कानांवरचे केस पिकले होते, पण नाव काही मोठं झालं नव्हतं. हाताखाली शिकून गेलेल्या मुली दुसरीकडे जाऊन मोठ्या पदांवर बसल्या. त्या भेटल्या की 'अय्या, छोटी सिस्टर!' म्हणत. मग एके वर्षी तिनं पुढच्या शिक्षणाला नाव घातलं. नवरा हसला होता. "मुलीची दहावी आणि तुझं हे, एकदमच पेढे वाटू." पण सकाळचा डबा तेव्हापासून तोच भरत होता.

शिक्षणासाठी एक संशोधन करायचं होतं. विषय तिनं शोधला नाही, तो तिच्या हाताखालीच होता. महिनोन्महिने पडून राहिलेल्या माणसाला माकडहाडावर जखमा होतात. ती जखम रोज उघडायची, रोज पुसायची, अशी रीत. छोटी सिस्टर इतकी वर्षं तेच करत आली होती आणि तिला वाटत होतं की रात्रीतून धरलेली कोवळी कातडी सकाळी आपणच खरवडून काढतो. मग पट्टी नीट लावून जखमेला काही दिवस एकटं सोडलं तर? हा प्रश्न तिचा स्वतःचा होता. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं विचारलेल्या प्रश्नाला कुणीतरी 'चांगला आहे' म्हटलं होतं.

म्हणणाऱ्या होत्या मॅडम. कॉलेजात शिकवायच्या, तिच्या मार्गदर्शक. पूर्वी त्याही याच वॉर्डात होत्या, पेशंटला कुशीवर वळवताना गुडघ्यांमध्ये उशी कशी द्यायची हे छोटीला त्यांनीच शिकवलं होतं. तिच्या अभ्यासाच्या सुट्टीसाठी त्या वरपर्यंत भांडल्या होत्या. जखम भरतेय की नाही हे डोळ्यांवर सोडायचं नाही, दर आठवड्याला फोटो हवा, हे त्यांचंच म्हणणं आणि ते बरोबर होतं. संशोधनांना मंजुरी देणाऱ्या समितीनं परवानगी दिली. कागदांवर सह्या झाल्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचे अंगठे, ज्यांना बोलता येत नव्हतं त्यांच्या घरच्यांच्या सह्या.

टेलर आजींच्या कागदावर त्यांच्या मुलाची सही होती. पूर्वी बायकांचे कपडे शिवायचं दुकान चालवायच्या, म्हणून टेलर आजी. आजींचं उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही. तोंडातून 'ता, ता' एवढंच निघे. त्यांची जखम सगळ्यांत मोठी होती आणि तीच सगळ्यांत सुंदर भरत होती. जखमेला सुंदर म्हणणं बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, पण कडेनं आत सरकणारी ती गुलाबी रेघ पाहून छोटी सिस्टर घरी जाताना गुणगुणायची.

आजींची मूठ तिनं मॅडमना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आधी गोळी दे ना. अर्धा तास आधी, दुखण्याची. एवढं काय त्यात?"

गोळी सुरू झाली. फोटोच्या दिवशी आजी गुंगीत असत. डोळे अर्धे मिटलेले, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ. चेनचा आवाज झाला की मूठ व्हायला आता वेळ लागे. एक बोट वळे, मग दुसरं. पण मूठ होई.

तिनं रकान्यात आकडा लिहिला, आणि शेरा: औषधाचा पुरेसा परिणाम नाही.

जे कळायचं ते तिला टेलर आजींच्या पलंगापाशी कळलंच नाही. त्या दिवशी फोटो शेजारच्या पलंगावरच्या बाईंचा होता. छोटी सिस्टर दोन पलंगांच्या मधे उभी होती. टेलर आजींची पट्टी कालच बदललेली, अंगावर पांघरूण, उशीला टेकून त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. गोळी नाही, जखम उघडी नाही, कुणी हात लावलेला नाही. सिस्टरनं पिशवीची चेन ओढली आणि सहज मान वळवली.

पांघरुणावर आजींची मूठ आवळलेली होती.

तिनं चेन बंद केली. थांबली. बोटं सुटली. पुन्हा उघडली. मूठ.

"काय करताय, सिस्टर?" मावशींनी विचारलं. "बिघडली का पिशवी?"

"नाही," ती म्हणाली. पिशवी बिघडलेली नव्हती.

दुपारी आजींची सून आली. शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची, हातावर कसले ना कसले डाग असायचे. पलंगाशी बसून ती सासूबाईंची नखं कापत होती. छोटी सिस्टर उगाचच तिथे रेंगाळली.

"आजींचं दुकान मोठं होतं का हो?"

"छे! एवढंसं. पण आत पडदा होता." सुनेनं नखं कापता कापता सांगितलं. "पडद्याआड एका वेळी एकच बाई. सोबत आई आलेली असो, बहीण असो, बाहेर बसायचं. बाकीचे टेलर कसे ओरडतात, छाती अमुक, कंबर तमुक, आणि कारागीर लिहून घेतो? अख्ख्या गल्लीला कळतं कोण किती सुटलीय. आईंचं तसं नाही. स्वतःच मोजायच्या, स्वतःच लिहायच्या, ओठ मिटून. मी लग्न होऊन आले तेव्हा म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते, तेवढीच मदत. तर म्हणाल्या, बाईनं आपलं माप आपल्याला दिलेलं असतं. ते हवेत सोडायचं नसतं."

आजी सुनेकडे पाहत होत्या.

"हो की नाही हो आई? अहो, माझ्या जावेला माझ्या मापाचा ब्लाउज शिवून मला भेट द्यायचा होता, तर तिलासुद्धा सांगितलं नाही! म्हणाल्या, तिला घेऊन ये." सून हसली. "आता सिस्टर, तुम्हीच सांगा, माझं माप काय सरकारी गुपित आहे?"

सिस्टर हसली नाही. "त्यांच्या जखमेचे आम्ही फोटो काढतो," ती म्हणाली. "माझ्या अभ्यासासाठी. तुम्हाला माहीत असेल."

नेलकटर थांबलं. "कसले फोटो?"

"तुमच्या यजमानांची सही आहे."

"ते सही करतात हो. समोर कागद धरला की करतात. घाबरलेले होते तेव्हा, तुम्ही चादरीवर सही मागितली असती तर चादरीवर केली असती. मी आईंबद्दल विचारतेय. त्यांना विचारलं होतं?"

"त्यांना बोलता येत नाही ना."

"बोलता येत नाही," सून म्हणाली. "पण मी थाप मारली की अजून लगेच ओळखतात. परवा म्हटलं, घर अगदी आवरलेलं आहे, काळजी करू नका. अशा बघितल्या माझ्याकडे! घरी जाऊन मुकाट्यानं आवरलं मी."

विचारणं अवघड नव्हतं. पलंगाशी स्टूल घ्यायचं, समोर बसायचं, विचारायचं. छोटी सिस्टर रोज ठरवी आणि रोज काहीतरी निघे. चादरी बदलायच्या असत, राउंड असे, कुणाची सलाइन निघालेली असे. ही कारणं खोटी नव्हती. पण विचारलं की उत्तर येणार आणि उत्तर काय येणार हे तिला माहीत होतं. अभ्यासात पेशंट निदान इतके लागतात, त्याहून कमी चालत नाहीत, असं ठरलेलं होतं. एक गळला तर अभ्यास अपुरा. पुन्हा परवानगी, पुन्हा पेशंट शोधणं, आणखी एक वर्ष. हे शिक्षण पुरं झालं की कॉलेजात शिकवायची जागा मिळणार होती, ती त्याआधीच कुणीतरी धरणार.

त्या आठवड्याचा फोटो तिनं काढला. मूठ झाली. रकान्यापाशी पेन अडखळलं, आणि तिनं नेहमीचा आकडा लिहिला.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. बाहेरून परीक्षक येणार होते. टेबलावरच्या संगणकात टेलर आजींच्या जखमेचे फोटो ओळीनं लागले होते.

"हे बघ," मॅडम खूश होत्या. "बाकी सगळं एका बाजूला आणि हे एका बाजूला. तक्ते-बिक्ते कोण बघतं? हे पडद्यावर मोठे दाखव. कुणाचं तोंड उघडायचं नाही."

"मॅडम, त्या आजींना फोटो नको आहेत."

"कोण म्हणालं? मुलगा?"

"त्या स्वतः. मूठ आवळतात. मी दुखणं समजत होते, पण नुसती पिशवी उघडली तरी आवळतात. जखम झाकलेली असली तरी."

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. "अगं, तू फार हळवी आहेस. चेहरा दिसतोय का कुठे? नाव आहे? जखम आहे ही. कुणाचीही असू शकते."

"कुणाचीही नाहीये. त्यांची आहे."

"मूठ म्हणजे नकार, असं कुठल्या पुस्तकात आहे?"

"मूठ म्हणजे वेदना, असं तरी कुठे आहे, मॅडम? ते आपणच ठरवलं. आणि त्यावर गोळी दिली."

मॅडम खिडकीकडे पाहून बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज उतरलेला होता. "मी किती जणांशी वाईटपणा घेतलाय तुझ्यासाठी, तुला माहितीय. वॉर्डातल्या बाईला संशोधन काय जमणार म्हणाले होते मला. हातातोंडाशी आलेला घास आहे. आणि हे फक्त तुझं नाही, ह्या फोटोंमुळे उद्या शंभर बायकांच्या जखमा रोज खरवडायच्या थांबतील. त्यांचा विचार कर."

"त्या शंभर जणींना विचारू ना. देतील की काहीजणी."

"उद्याचा दिवस जाऊ दे," मॅडम म्हणाल्या. "मग बघू."

ती तिथून सरळ वॉर्डात आली. स्टूल ओढलं आणि टेलर आजींच्या समोर बसली. शेजारी मावशी उशांचे अभ्रे घालत होत्या.

"आजी, मला काही विचारायचंय. हो असेल तर माझ्या हातावर हात ठेवा. नाही असेल तर काढून घ्या. जमेल?"

आजींनी हात ठेवला.

समजतंय की नुसताच ठेवला, हे आधी पाहायला हवं होतं. "तुमचं भांड्यांचं दुकान होतं ना?"

हात झटक्यात निघाला. आजींनी दोन बोटं उघडली, मिटली, उघडली. कात्री. नजर अशी की मावशींना हसू फुटलं. "विचारा अजून! आता काय, त्यांना दाढी आहे का विचारता?"

"मी तुमची पट्टी बदलते. ती बदलू ना?"

हात परत आला. सावकाश, पूर्ण तळवा.

"जखम मोजू? फक्त मी, माझ्यापुरती. कुणाला दाखवणार नाही."

हात थोडा वेळ तसाच राहिला. मग बोटांनी एकदा दाबलं. चालेल.

"आणि फोटो?"

हात गेला. छातीशी नेऊन त्यांनी तो घट्ट धरला, जणू तिथे उघडं पडलेलं काही झाकायचं होतं. 'ता,' त्या म्हणाल्या. 'ता. ता.' चेहरा लाल झाला. मावशींचं हसू थांबलं.

"आजपर्यंत काढलेत ते? ते ठेवू का? तुमचं नाव नाही त्यावर, चेहरा नाही."

आजींनी तिचं मनगट पकडलं. अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या हातात एवढी ताकद असेल असं तिला वाटलं नव्हतं. पन्नास वर्षं जाड कापड कात्रीखाली ताणून धरलेला तो हात होता. बांगडी कातडीत रुतली. आजी तिच्या डोळ्यांत पाहत होत्या, विनवणी मुळीच नव्हती त्यात. हुकूम होता.

"त्या काय सोडत नाहीत आता," मावशी हळूच म्हणाल्या. "हो म्हणा, सिस्टर, आणि मोकळ्या व्हा."

छोटी सिस्टरनं तोंड उघडलं. तिला पडद्यावरचे फोटो दिसले, मॅडमचा उतरलेला आवाज ऐकू आला, सकाळी डबा भरणारा नवरा आठवला.

"बघते," ती म्हणाली.

दवाखान्यात हा शब्द दिवसभर फिरत असतो. बेडपॅन मागणाऱ्याला बघते, घरी कधी सोडणार विचारणाऱ्याला बघते. आजी इथे पुष्कळ दिवस होत्या, त्यांना त्याचा अर्थ ठाऊक होता. त्यांनी मनगट सोडलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"हे काय बोललात?" मावशी म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात गंमत नव्हती. "बघते म्हणून उठायला एवढं विचारलंत कशाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजचा हॉल भरला होता. पुढे परीक्षक, बारीक चणीचे एक सर, कागदावर सतत काहीतरी लिहिणारे. शेजारी मॅडम, ठेवणीतल्या साडीत. मागे विद्यार्थिनी आणि दारापाशी नुकतीच शिकायला आलेली मुलं.

छोटी सिस्टर चांगलं बोलली. सुरुवातीला दोन-तीन वाक्यं अडखळली, पण एकदा जखमेवर आली आणि भीती गेली. जखम रोज का उघडायची नाही, पट्टीखाली काय होत असतं, पूर्वी आपण काय चुकत होतो. सरांचं पेन थांबलं, ते ऐकू लागले. मॅडमनी मागे टेकून हात जुळवले.

पडद्यावर आलं: 'रुग्ण क्रमांक सात'. खाली वय, आजार, जखमेची जागा. पुढचं बटण दाबलं की पहिला फोटो.

तिचं बोट बटणावर होतं.

"पुढे घ्या," सर म्हणाले.

हॉलमध्ये सगळे पडद्याकडे पाहत होते. अनोळखी मुलं, हातातल्या मोबाइलवर पडद्याचे फोटो घेणारी, चांगल्या घरची, शिकायला आलेली मुलं. पुढच्या क्षणी त्या सगळ्यांसमोर टेलर आजींची कंबर भिंतीएवढी मोठी होणार होती, शेजारी मोजपट्टी लावलेली.

तिनं बोट काढून घेतलं.

"पुढचे फोटो मी दाखवणार नाही, सर."

"काही तांत्रिक अडचण?"

"नाही. फोटो आहेत, चांगले आहेत. ह्या बाईंना ते नको आहेत."

"संमतीवर सही नाही?"

"मुलाची आहे."

"सर, त्यांची वाचा गेलेली आहे," मॅडम पटकन म्हणाल्या. "समितीची परवानगी आहे, सगळं रीतसर आहे. ही जरा दमलीय. अगं, घे पुढे."

"वाचा गेलीय, मॅडम, कान गेलेले नाहीत. काल मी विचारलं, त्या नाही म्हणाल्या." तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला, उंच नव्हता, पण मागच्या भिंतीपर्यंत जात होता. "त्याआधीही दर वेळी नाही म्हणत होत्या. मी ते वेदनेच्या रकान्यात लिहिलं. नाही म्हणू नये म्हणून गोळी दिली म्हणा ना. तो रकाना पण चुकीचा आहे, सर, तोही मोजू नका."

दारापाशी एका मुलानं मोबाइल खाली घेतला.

सरांनी कागद चाळले. "हा रुग्ण वगळला तर संख्या कमी पडते, कल्पना आहे ना तुम्हाला?"

"आहे."

"अभ्यास अपुरा धरावा लागेल. तुमचं वर्ष जाईल."

"जाईल."

"बस खाली," मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या. "आपण नंतर बोलू. नंतर बघू."

"नंतर नाही, मॅडम. बघू पण नाही." छोटी सिस्टरनं संगणकाची वायर ओढून काढली. भिंत पांढरी झाली. ती पुढच्या रांगेकडे तोंड करून सरळ उभी राहिली. "ह्या बाईंना मी आज अभ्यासातून काढलंय. त्यांचे सगळे फोटो मी पुसतेय, एकही ठेवणार नाही. आणि त्यांची पट्टी मीच बदलणार."